वय झालेल्या घोड्याचा विमा काढावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका कुटुंबाकडे १९ वर्षांचा खच्ची थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा आहे. तरुणपणी रेसकोर्सवर धावलेला, आता पौडच्या बाजूला एका तबेल्यात ठेवलेला. घरातली मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा त्याच्यावर हलकी रपेट करते. ओळखीच्या एजंटने दीड लाखाचा विमा सुचवला आहे. मुलीचा आग्रह विमा काढायचा आणि वडिलांना वाटतं, या वयात हप्ता भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. दोघांनी मिळून विचारलं आहे, काय करावं?

मी पुण्यात घोड्यांवर उपचार करतो. रेसचे, स्टड फार्मचे, रायडिंग स्कूलचे, वरातीचे असे सगळ्या तऱ्हेचे घोडे माझ्या हाताखालून जातात. तुमच्या घोड्यापुरतं माझं उत्तर सरळ आहे: विमा काढू नका. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण विमा न काढणाऱ्या माणसाला काही गोष्टी आजच करून ठेवाव्या लागतात आणि बहुतेक लोक त्या करत नाहीत. शिवाय काही घोड्यांच्या बाबतीत माझं उत्तर याच्या अगदी उलट असतं. तेही पुढे सांगतो.

आधी मुलीला एक विचारा. तिला नेमकी भीती कशाची वाटते? घोडा गेला तर दीड लाखाचं नुकसान होईल याची नक्कीच नाही. मध्यरात्री तबेल्यातून फोन आला, घोडा पोटदुखीने लोळतोय, आणि तेव्हा हातात पैसे नसले तर काय, ही तिची भीती आहे. आणि ती अगदी रास्त आहे. अडचण एवढीच, की आपल्याकडचा पशुविमा त्या रात्रीसाठी नसतो. घोडा मेला तर तो पैसे देतो. जादा हप्ता भरला तर कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तरीही देतो. डॉक्टरची फी, सलाईन, औषधं, शस्त्रक्रिया, घोडा हलवायचं भाडं यातलं काहीही त्यात येत नाही. इंटरनेटवर इंग्लंड-अमेरिकेतले लोक उपचारांचा खर्च विम्यातून मिळाल्याचं लिहितात, ते खरं आहे. तिथे तशा पॉलिसी मिळतात. पण तिथेसुद्धा घोडा पंधरा-वीस वर्षांचा झाला की कंपन्या हात आखडता घेतात आणि पुष्कळदा फक्त अपघातापुरतं संरक्षण शिल्लक राहतं. ते वाचून इथल्या पॉलिसीवर सही करू नका.

आता दीड लाखाचं बघू. बहुतेक पशुविमा पॉलिसींत भरपाईचं कलम असं असतं: विम्याची रक्कम किंवा आजारी पडण्याआधीची बाजारातली किंमत, यातली जी कमी असेल ती. आता मला सांगा, १९ वर्षांच्या खच्ची थरोब्रेडला बाजारात काय किंमत येते? त्याच्यापासून पैदास होत नाही, शर्यत संपलेली, वजनदार माणसाला पाठीवर घेऊन उड्या मारायचं वय गेलेलं. असे घोडे लोक बऱ्याचदा चांगलं घर बघून तसेच देऊन टाकतात. समजा हप्ता पाच टक्के धरला, तर तुम्ही दरवर्षी साडेसात हजार रुपये दीड लाखाच्या हिशोबाने भरणार. दावा करायची वेळ आली की नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर बाजारभाव विचारणार. घोडा तुमच्या घरातलाच एक आहे, म्हणून त्याची किंमत दीड लाख धरावी असं तुम्हाला वाटतं, आणि त्यात गैर काहीच नाही. पण विम्यात मोजली जाते ती फक्त विकली तर येणारी किंमत.

याच्याही आधी अडतं ते वयापाशी. पॉलिसीत सहसा घोड्याच्या वयाची वरची मर्यादा छापलेली असते आणि म्हाताऱ्या घोड्याचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच निकालात निघतो. एजंट कधीकधी म्हणतो, ‘साहेब, बारा लिहू, कोण बघतंय?’ बघतात. दावा आला की दात बघतात. घोड्याचा ओठ वर केला की वरच्या समोरच्या दातांमधला सगळ्यात कडेचा दात दिसतो. त्याच्या बाहेरच्या अंगावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीलगत एक तपकिरी खाच दिसू लागते. पंधराच्या सुमारास ती निम्म्या दातापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते आणि त्यानंतर वरून पुसट व्हायला लागते. एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, चाऱ्यावर आणि दातांच्या झिजेवर ते अवलंबून असतं, पण बारा आणि एकोणीस यांत गल्लत होत नाही. बाजूने पाहिलं तर म्हाताऱ्या घोड्याचे पुढचे दात पुढे झुकलेले असतात, तेही लपवता येत नाही. तुमच्या घोड्याच्या बाबतीत तर दात बघायचीही गरज नाही. रेसच्या थरोब्रेडची जन्मनोंद स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते आणि ते कार्यालय इथेच, पुण्यात आहे. खोटं वय लिहिलेल्या पॉलिसीचा हप्ता कंपनी आनंदाने घेते. दावा मात्र फेटाळते आणि कायदा कंपनीच्या बाजूने असतो.

तिसरी गोष्ट आधीपासूनच्या आजारांची. पॉलिसी सुरू होण्यापूर्वी झालेला आजार किंवा इजा तिच्यात धरत नाहीत आणि सुरुवातीचे काही दिवस, साधारण पंधरा, नव्या आजारालाही संरक्षण नसतं. १९ वर्षांच्या घोड्यात आधीपासून काहीच नाही, असं फार क्वचित घडतं. सांधे झिजलेले असतात. दाढांना धार आलेली असते किंवा एखादी दाढ पडलेली असते. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत साधारण पाचातल्या एकाला पिट्युटरी ग्रंथीचा तो आजार असतो, ज्याला आम्ही कुशिंग म्हणतो. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याचं ऊन तापायला लागलं तरी घोड्याची हिवाळी लव झडत नाही, उलट केस लांब आणि कुरळे होत जातात, पाठीवरचं मांस उतरतं, पोट सुटतं, पाणी जास्त पितो. त्यातूनच पुढे खुरांचा दाह होतो, ज्यात घोडा पुढचे पाय पुढे टाकून, सगळं वजन मागे देऊन उभा राहतो. घोडा पांढरा असेल तर शेपटीखाली काळ्या गाठी आहेत का बघा. पंधरा वर्षांपुढच्या पांढऱ्या घोड्यांत त्या इतक्या आढळतात की नसल्या तरच मला विशेष वाटतं. यातलं जे काही डॉक्टरने लिहून ठेवलंय, ते प्रस्तावात सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आणि सांगितलं की तेवढं वगळलं जातं.

तरीही तपासणी करून घ्या. ती विम्यासाठी नाही, घोड्यासाठी. तोंड नीट उघडून दाढांपर्यंत, हृदय, फुप्फुसं, डोळे, चारही पाय वाकवून मग दुडकी चालवून, आणि रक्त: रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड आणि कुशिंगसाठी एसीटीएच या संप्रेरकाची पातळी. कुशिंगला परगोलाइड नावाचं औषध आहे. ते रोज द्यावं लागतं, पण घोड्याचा त्रास त्याने कमी होतो. दाढा वर्षातून एक-दोनदा घासून घेतल्या तर चारा नीट चावला जातो, आणि नीट चावलेला चारा म्हणजे पोटदुखीचा धोका कमी. कडबा चावता येत नसेल तर चंदीबरोबर भिजवलेला कोंडा आणि बारीक केलेली लसूणघास द्या. विम्याच्या हप्त्याएवढ्या पैशांत हे पुष्कळसं बसतं आणि त्याचा उपयोग घोडा जिवंत असताना होतो.

आता त्या रात्रीबद्दल. पोटशुळाच्या बहुतेक केसेस डॉक्टर वेळेवर आला तर औषधाने, नळी घालून, सलाईनने सुटतात. म्हाताऱ्या घोड्यात मात्र एक प्रकार विशेष दिसतो. आतड्याच्या पडद्यावर चरबीची गाठ वाढते, तिला लांब देठ फुटतो, आणि एक दिवस तो देठ आतड्याभोवती फास टाकतो. रक्तपुरवठा तुटतो. वेदनाशामक इंजेक्शनने थोडा वेळ बरं वाटतं, मग घोडा पुन्हा आडवा पडतो. त्याच्या नाडीचे ठोके एरवी मिनिटाला २८ ते ४४ असतात. ते ६०च्या वर जाऊन तिथेच राहिले, हिरड्या जांभळट झाल्या, लीद थांबली, तर ते औषधाने सुटणारं दुखणं नाही. उपाय एकच, पोट उघडून शस्त्रक्रिया, तीही काही तासांत. त्यासाठी घोड्याला पूर्ण भूल देण्याची यंत्रणा, टेबल, माणसं आणि पुढे आठवडाभर रात्रंदिवस शुश्रूषा लागते. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे आणि खर्च मोठा आहे. सोय मिळाली तरी, १९ वर्षांच्या घोड्याला त्यातून न्यायचं का, हा वेगळाच प्रश्न उरतो.

लोणीकंदच्या बाजूची एक घोडी मला नेहमी आठवते. वीस वर्षांच्या पुढची, मालकाचा तिच्यावर मुलीसारखा जीव. रात्री अशाच पोटदुखीत सापडली. मी पोचलो तेव्हा नाडी ८० वर होती, अंग घामाने निथळत होतं. मालकाला काही सुचत नव्हतं. एकदा म्हणायचा शिरवळला नेऊ, एकदा म्हणायचा मुंबईला नेऊ, गाडी कोणाची मागवायची, पैसे कोणाकडून आणायचे. अशाच फोनाफोनीत दोन तास गेले आणि ते सगळे दोन तास घोडीने सोसले. शेवटी पहाटे तिला औषध देऊन शांतपणे कायमचं झोपवलं. तिचा विमा होता. पण सकाळी उन्हं चढायच्या आत जेसीबी बोलावून तिला पुरलं, कंपनीला दुपारी कळवलं. शवविच्छेदन नाही, सर्व्हेअरने पाहिलेलं नाही, ओळख पटेल असा फोटोही नाही. दावा नामंजूर झाला.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली विमा असणाऱ्यांसाठी. घोड्याला वेदनामुक्त मरण देणं पॉलिसीच्या आड येत नाही. जाणूनबुजून मारणं वगळलेलं असतं, पण त्याला अपवाद लिहिलेला असतो: न बरं होणाऱ्या यातना संपवण्यासाठी, पात्र पशुवैद्यकाच्या दाखल्यावर. तेव्हा डॉक्टरकडून आजार, तपासणीचे आकडे आणि ‘यातून बरा होणं शक्य नाही’ हे स्पष्ट लिहून घ्या. झोपवण्यापूर्वी जमेल तर कंपनीच्या नंबरवर कळवा, कळवल्याची वेळ आणि समोरच्याचं नाव टिपून ठेवा, फोटो काढा, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप असेल तर ती वाचून नंबर दाखल्यावर घाला, आणि शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका. मात्र हे लक्षात घ्या, की सांधे थकले, उठता येत नाही, दिवसेंदिवस खंगत चाललाय म्हणून तुम्ही जड मनाने निर्णय घेतलात, तर त्यात तुमचं काहीही चुकत नाही, पण तो दावा टिकणं अवघड असतं. आणि म्हातारे घोडे जास्त करून असेच जातात.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. कुठवर जायचं, ते आज दिवसाउजेडी, घरातले सगळे बसून ठरवा. शस्त्रक्रिया करायची की नाही? नसेल करायची, तर तसं कागदावर लिहा. किती तास औषधाने प्रयत्न करायचा आणि डॉक्टरने ‘आता पुरे’ म्हटल्यावर कोणाचं होकार देणं पुरेसं आहे, तेही लिहा. तुम्ही परगावी असाल, फोन लागत नसेल, तर तबेल्याच्या मालकाला तो अधिकार आहे का? त्या कागदावर सही करून एक प्रत तबेल्यात, एक तुमच्या डॉक्टरकडे ठेवा. तुमच्या मुलीशी हे बोलताना तुम्हाला जड जाईल, पण तिला वगळू नका. घोडा तिचा आहे आणि त्याच्यासाठी काय ठरलंय हे तिला आधी माहीत असलं पाहिजे.

आणि पैसे. हप्त्याचे साडेसात हजार जातील असं धराच, फक्त ते तुमच्याच नावावरच्या वेगळ्या खात्यात जाऊ देत. पहिल्या वर्षी त्यात एकरकमी भर घाला, कारण आजारपण खातं भरायची वाट बघत नाही. किती भर? तुमच्या डॉक्टरला आजच विचारा: रात्रीची व्हिजिट, दोन दिवस सलाईन आणि औषधं, पुन्हा पुन्हा यावं लागलं तर किती होतील? तेवढी रक्कम. त्यात शेवटच्या दिवसाचा खर्च मिळवा: झोपवण्याची औषधं, जेसीबी, जागा. झोपवण्याची औषधं वापरलेला देह उघड्यावर टाकता येत नाही, कुत्री-गिधाडं त्याने मरतात. खोल खड्डा लागतो, विहीर आणि ओढ्यापासून दूर, आणि जागेच्या मालकाची परवानगी. पावसाळ्यात पौडकडच्या भातखाचरांत जेसीबी आत जातो का, हे तबेल्याच्या मालकाला आधीच विचारून ठेवा.

कोणाला मी उलट सल्ला देतो? ज्याचं पोट घोड्यावर आहे त्याला. वरातीची घोडी सात-आठ वर्षांची, लग्नसराईत घर तिच्यावर चालतं, ती गेली तर दुसरी घ्यायला कर्ज काढावं लागेल, तर विमा काढाच. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून लाखांत आणलेला मारवाडी किंवा चांगला भीमथडी पैदाशीचा घोडा असेल, तर काढाच, आणि खरेदीची पावती जपून ठेवा, कारण किंमत सिद्ध करायला तीच उपयोगी पडते. कर्जावर घेतलेला घोडा असेल तर बँक तुम्हाला विचारतही नाही, विमा काढायलाच लावते. घोडा, खेचर, गाढव ही ओझ्याची जनावरं राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेतही येतात, आणि २०२४ साली केंद्र सरकारने त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे. ओझी वाहणाऱ्या, टांगा हाकणाऱ्या माणसाने आपल्या पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जरूर चौकशी करावी. आणि ज्याच्या घोड्याचा विमा तरुणपणापासून न तुटता चालू आहे, त्याने वय वाढलं म्हणून घाईने बंद करू नये. खंड पडला की सगळे जुने आजार ‘आधीपासूनचे’ होतात. अशा पॉलिसीत विम्याची रक्कम दरवर्षी खऱ्या किमतीपर्यंत खाली आणा, म्हणजे हप्ताही उतरेल. रास्त दावा अडवला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, वकील लागत नाही.

शेवटी अशा विम्याबद्दल, ज्याचं नाव तुमच्या एजंटने काढलेलंही नाही आणि जो मी तुम्हाला काढायला सांगतो. म्हातारा घोडा शांत असतो, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण नजर अधू झालेला घोडा जास्त बुजतो. पौड रस्त्यावर तो सुटून दुचाकीवर गेला आणि कोणी जखमी झालं, तर पशुविम्यातून एक रुपया मिळत नाही. जनावर नीट न सांभाळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हाही दाखल होऊ शकतो. तबेल्याची सार्वजनिक दायित्वाची, म्हणजे तिऱ्हाइताला झालेलं नुकसान भरून देणारी, पॉलिसी आहे का, त्यात तुमचा घोडा आणि बाहेरचा रस्ता धरला आहे का, हे कागद बघून खात्री करा. तोंडी उत्तरावर थांबू नका. मुलीचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर त्यात घोडेस्वारी वगळलेली नाही ना, ते कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

आणि तुमचा मोतद्दार. रोज पहाटे खरारा करणारा, खूर साफ करताना त्या घोड्याच्या मागच्या पायाशी वाकणारा माणूस तोच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या कुणालाही वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, फक्त बँकेत किंवा पोस्टात खातं हवं. त्याला विचारा, खातं आहे का. नसेल तर या आठवड्यात त्याच्याबरोबर जाऊन उघडून द्या आणि हप्ता तुम्ही भरा.